वल्हवणाऱ्याचा मान

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत भोपाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी शिकलो, त्याच शाळेने मला या व्यासपीठावर उभे केले याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. या मालेत माझ्याआधी साहित्याचे, विज्ञानाचे आणि इतिहासाचे जाणकार बोलून गेले आहेत. मी त्यांच्यापैकी कोणीच नाही. आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या कामात राहिलेला एक निवृत्त अभियंता एवढीच माझी ओळख. तरीही निमंत्रण आले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ज्यांच्या स्मृतीसाठी ही माला चालते त्या आमच्या सरांनी एका प्रसंगी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मी त्या वेळी दिले नाही. ते आज आपणासमोर द्यावे असे वाटते.

प्रसंग १९६४ सालच्या हिवाळ्यातला. मी नववीत होतो. मोठ्या तलावावर एका मंडळाने शाळकरी मुलांसाठी वल्हवण्याची स्पर्धा ठेवली होती. साध्या लाकडी होड्या, एका होडीत एक मुलगा, दोन हातांत दोन वल्ही. शीतलदासच्या बगीच्यापासून समोरच्या खुणेपर्यंत जायचे आणि परत यायचे. आमच्या वर्गातले आम्ही दोघे उतरलो होतो. दुसऱ्याचे वडील नावाडी होते. तकिया टापूवर जाणाऱ्या लोकांना ते आपल्या होडीतून नेत-आणत, आणि सुट्टीच्या दिवशी हाही वल्ह्यावर बसे. तो पहिला आला. मी दुसरा आलो, आणि आमच्या दोघांत चांगले चार होड्यांचे अंतर होते. बक्षीस देण्याच्या वेळी मात्र आयोजकांपैकी कोणीतरी म्हणाले, “हा तर नावाड्याचा मुलगा. याचे हे रोजचेच काम. स्पर्धा हौशी मुलांसाठी आहे.” थोडी कुजबुज झाली आणि कप माझ्या हाती देण्यात आला.

मी तो घेतला. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीत सरांनी मला थांबवले आणि विचारले, “अरे, कप तुझ्याकडे आहे हे ऐकले. पण पहिला कोण आला?” मी खाली पाहिले. सर रागावले नाहीत. “विचार कर आणि सांग,” एवढेच म्हणून ते वर्गावर गेले.

विचार करायला मला फार वर्षे लागली. पुढे नोकरीच्या निमित्ताने नद्या आणि धरणे यांच्याशी संबंध आला आणि वल्हवण्याच्या शर्यतींचा इतिहास वाचण्याचा छंद जडला. तेव्हा ध्यानात आले की त्या दिवशी तलावाच्या काठावर जे घडले, तेच इंग्लंडात थेम्सच्या काठावर जवळजवळ साठ वर्षे, पक्का नियम करून, घडत होते. आजचे व्याख्यान त्या नियमाविषयी, त्याआधीच्या काळाविषयी आणि त्या नियमाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्याविषयी आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख. एका माणसाने प्रत्येक हातात एकेक वल्हे घेऊन नौका चालवणे याला स्कलिंग म्हणतात. यात वल्हवणारा गंतव्याकडे पाठ करून बसतो. त्यामुळे जो पुढे असतो त्याला मागचा दिसतो, आणि जो मागे असतो त्याला पुढच्याचे फक्त पाणी दिसते. एकट्याने एकट्याशी झुंजण्याचा हा खेळ आहे. नौकेत दुसरा कोणी नसल्यामुळे हरल्यावर दोष द्यायलाही कोणी नसतो.

या खेळाचा जन्म राजवाड्यात झाला नाही. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पूल अत्यल्प होते आणि थेम्स हाच मोठा रस्ता होता. हजारो नावाडी भाडे घेऊन माणसे पार करत. १७१५ साली टॉमस डॉगेट नावाच्या आयरिश नटाने, राजा पहिला जॉर्ज याच्या राज्यारोहणाच्या स्मरणार्थ, नुकतीच उमेदवारी संपवलेल्या तरुण नावाड्यांसाठी एक शर्यत सुरू केली. लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत सुमारे साडेसात किलोमीटर. बक्षीस म्हणजे एक रंगीत कोट आणि त्यावर लावायचा चांदीचा बिल्ला. ही शर्यत आजही होते. जगात अखंड परंपरेने चालत आलेल्या सर्वांत जुन्या शर्यतींत तिची गणना होते, आणि तिचा मान पोटासाठी वल्हवणाऱ्या माणसाकडे आहे.

एकोणिसाव्या शतकात नावाड्यांच्या आपापसांतल्या पैजांना अजिंक्यपदाचे रूप आले. १८३१ साली चार्ल्स कॅम्बेल इंग्लंडचा पहिला विजेता ठरला. पद्धत आपल्याकडच्या कुस्तीच्या जंगी आव्हानांसारखी होती. ज्याच्याकडे पद आहे त्याला कोणीही आव्हान द्यावे, दोन्ही बाजूंनी शंभर-दोनशे पौंड मांडावेत, दिवस आणि भरतीची वेळ ठरवावी, आणि जिंकणाऱ्याने सारे न्यावे. पुढे पटनी ते मॉर्टलेक हा सुमारे पावणेसात किलोमीटरचा मार्ग रूढ झाला. दोन्ही काठांवर प्रचंड गर्दी जमे आणि मोठाल्या रकमांचा सट्टा चाले.

हे वीर कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे टाइन नदीवर कोळशाच्या खाणी, लोखंडाचे कारखाने आणि गोद्या होत्या. तिथला हॅरी क्लॅस्पर खाणीत आणि गोदीत काम करून वर आला. तो उत्तम वल्हवणारा होताच, शिवाय नौका बांधणाराही होता. वल्ह्याचा टेकू नौकेच्या कडेबाहेर लोखंडी चौकटीवर नेण्याची युक्ती त्याने सुधारली आणि त्यामुळे नौका अरुंद, हलकी आणि वेगवान झाली. १८७० साली तो वारला तेव्हा न्यूकॅसलच्या परिसरात त्याच्या अंत्ययात्रेला लाखाहून अधिक लोक लोटले होते, असे त्या काळचे अंदाज आहेत. त्याच्याच मुलखातला रॉबर्ट चेंबर्स लोखंडाच्या भट्टीवर राबणारा. १८६३ साली ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड ग्रीनला त्याने थेम्सवर हरवले. जगाच्या अजिंक्यपदाची सुरुवात या शर्यतीपासून मानतात. पाचच वर्षांनी क्षयाने त्याचा अंत झाला.

चेंबर्सचा प्रतिस्पर्धी होता थेम्सवरचा नावाडी हॅरी केली. दोघांनी एकमेकांना जिंकले आणि एकमेकांकडून हार पत्करली. त्यानंतर टाइनवरूनच आला जेम्स रेनफोर्थ, लोहाराच्या हाताखाली घण मारणारा. १८६८ साली त्याने केलीला हरवून पद मिळवले. आता यापुढची गोष्ट ऐका. १८७१ साली रेनफोर्थ चौघांची नौका घेऊन कॅनडात गेला. त्याच्या नौकेत, त्याच्यासोबत वल्हवायला, तोच हॅरी केली होता. समोर सेंट जॉन गावचे चौघे होते. मच्छीमारी आणि दीपगृहाची राखण यांवर पोट भरणारी ही माणसे. १८६७ साली पॅरिसला जिंकून आल्यामुळे त्यांना ‘पॅरिस क्रू’ म्हणत. २३ ऑगस्टच्या सकाळी केनेबेकासिस नदीवर शर्यत सुरू झाली. काही अंतरावर रेनफोर्थचे वल्हे अडखळले आणि तो मागे कोसळला. त्याला सावरले ते केलीने. काठावर नेल्यावर थोड्याच वेळात त्याचे प्राण गेले. वय एकोणतीस. सट्ट्याचे दिवस असल्यामुळे विषप्रयोगाच्या अफवा उठल्या. डॉक्टरांनी मृत्यू नैसर्गिक कारणाने झाल्याचा निर्वाळा दिला. नदीकाठच्या त्या वस्तीला पुढे लोकांनी रेनफोर्थचेच नाव दिले. परक्या मुलखातल्या, प्रतिपक्षाच्या लोकांनी पाहुण्या घणकऱ्याचे नाव आपल्या गावाला द्यावे, यापरता मान कोणता?

यानंतर हे पद इंग्लंडबाहेर गेले. १८७६ साली सिडनीचा एडवर्ड ट्रिकेट, दगडाच्या खाणीत काम केलेला, थेम्सवर जोसेफ सॅडलरला हरवून जगज्जेता झाला. कुठल्याही खेळात जगज्जेता ठरलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन मानला जातो. चार वर्षांनी, १५ नोव्हेंबर १८८० रोजी, त्याला टोरांटोच्या नेड हॅनलनने हरवले. ट्रिकेट सव्वासहा फुटांच्या आसपास उंच, आणि हॅनलन पावणेसहा फुटांच्याही आत, वजनाने जेमतेम अडुसष्ट किलो. टोरांटोजवळच्या बेटावर वाढलेला हा मुलगा लहानपणी होडी वल्हवत शाळेत जाई. बैठक मागेपुढे सरकणारी असली तर पायांचा जोर वल्ह्यात कसा आणावा, हे त्याने इतरांच्या आधी पुरते ओळखले. ताकदीवर तंत्राने मात केली. तो पुढे गेला की मध्येच थांबे, प्रेक्षकांना हात करी, मागच्याला जवळ येऊ देई आणि पुन्हा सुटे. लोकांना त्याचे वेड लागले.

परंतु या इतिहासाची काळी बाजू लपवून चालणार नाही. हॅनलनचा अमेरिकेतला प्रतिस्पर्धी चार्ल्स कोर्टनी हा सुतार होता. १८७८ साली लशीन येथे कोर्टनी थोडक्यात हरला आणि शर्यत ठरवून झाली असा बोभाटा झाला. १८७९ साली न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवरावर सहा हजार डॉलरांच्या बक्षिसाची शर्यत ठरली. त्या दिवशी सकाळी कोर्टनीच्या नौका करवतीने कापलेल्या आढळल्या. हॅनलनने मोकळ्या पाण्यावर एकट्यानेच नौका नेली. करवत कोणी चालवली याचा उलगडा कधीच झाला नाही. पैजेच्या पैशाने या खेळाला वैभव दिले आणि त्याच पैशाने त्याची पत घालवली. हौशी मंडळींनी व्यावसायिकांना दूर ठेवले त्याला हे एक सबळ कारण होते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

हॅनलनची सद्दी १८८४ साली सिडनीजवळच्या पॅरामाटा नदीवर संपवली ती विल्यम बीच नावाच्या लोहाराने. तिथल्याच हेन्री सर्लने १८८९ साली थेम्सवर कॅनडाच्या ओकॉनरला हरवले, पण मायदेशी परतताना त्याला विषमज्वराने गाठले आणि तेविसाव्या वर्षी तो गेला. पॅरामाटाच्या पात्रात त्याच्या स्मरणार्थ एक भग्न स्तंभ उभा आहे. पुढे १९१० साली तर हे पद आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर, व्हिक्टोरिया धबधब्याच्या वरच्या पात्रात लढवले गेले. न्यूझीलंडच्या रिचर्ड आर्न्स्टने तिथे इंग्लंडच्या अर्नेस्ट बॅरीला हरवले, आणि दोनच वर्षांनी बॅरीने थेम्सवर त्याची परतफेड केली. पण तोवर गर्दी ओसरू लागली होती. फुटबॉल आणि सायकली आल्या, सट्ट्याने विश्वास उडवला. १९५० च्या दशकात हे अजिंक्यपद कोणाच्या फारसे ध्यानातही न येता विझले.

आता त्या नियमाकडे येऊ. १८७९ साली हेन्ली येथील प्रतिष्ठित नौकास्पर्धेच्या चालकांनी ‘हौशी’ म्हणजे कोण, याची व्याख्या केली. पैशासाठी शर्यत केलेला माणूस हौशी नव्हे, इथवर ठीक होते. परंतु व्याख्या इथे थांबली नाही. जो धंद्याने अथवा मजुरीवर यंत्रकामगार, कारागीर किंवा श्रमिक आहे किंवा पूर्वी होता, तोही हौशी नव्हे, असे तीत नमूद झाले. म्हणजे एखाद्याने आयुष्यात एक पैही पैज मांडली नसेल, पण तो विटा रचत असेल, रंधा मारत असेल, तर त्याला दार बंद.

या नियमामागे एक युक्तिवाद होता, आणि तो आमच्या तलावावरच्या आयोजकांच्याही तोंडी होता. रोज हाताने काम करणाऱ्याच्या अंगात जो जोर असतो, तो कचेरीत बसणाऱ्याच्या अंगात नसतो, तेव्हा सामना समान कसा? वरवर हे न्याय्य वाटते. पण मग ज्याला दिवसभर दुसरे काम नाही, सकस अन्न आहे, उत्तम नौका आहे आणि सरावाला सारी दुपार मोकळी आहे, त्याचा फायदा कोणी मोजला? दहा तास घण मारून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या माणसाचा थकवा कोणत्या तराजूत घातला? समानतेच्या नावाखाली एकाच बाजूचे वजन काढून ठेवले गेले.

महाभारतातला रंगभूमीचा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. कर्ण अर्जुनाला आव्हान देतो आणि कृपाचार्य विचारतात, तुझे कुल कोणते? धनुष्य किती वाकते हे कोणी विचारत नाही. दुर्योधन तत्काळ त्याला अंगदेशाचे राज्य देतो. कर्णाच्या बाहूंत त्या क्षणी कणभरही फरक पडलेला नसतो, पण आता तो राजा असतो. हा प्रसंग विसाव्या शतकात जशाचा तसा घडला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ऑस्ट्रेलियाचा बॉबी पिअर्स हा सुतार. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये तो एकेरी स्कल्सचा सुवर्णपदकविजेता ठरला. त्याच स्पर्धेत एका शर्यतीत नौकेसमोरून बदकांची रांग जात होती म्हणून तो वल्ही थांबवून उभा राहिला आणि तरीही जिंकला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. अशा या ऑलिंपिक विजेत्याला हेन्लीत प्रवेश मिळाला नाही, कारण तो हाताने काम करणारा. पुढे तो कॅनडात गेला, तिथे व्हिस्कीचे मोठे व्यापारी लॉर्ड ड्यूअर यांनी त्याला विक्रेत्याची नोकरी दिली, आणि १९३१ साली तोच पिअर्स हेन्लीत उतरून ‘डायमंड स्कल्स’ जिंकला. रंधा खाली ठेवून त्याने बाटल्या विकायला घेतल्या आणि तो सभ्य गृहस्थ झाला. त्याचे अंगदेशाचे राज्य ते हेच. १९३३ साली त्याने व्यावसायिकांचे जागतिक पदही जिंकले. हौशी आणि व्यावसायिक या दोन्ही जगांत शिखरावर पोहोचून त्याने दाखवून दिले की मधली भिंत पाण्यावर नव्हती, काठावर होती.

त्याआधी १९२० साली फिलाडेल्फियाच्या जॉन केलीचा अर्ज हेन्लीने परत पाठवला होता. त्याच्या क्लबशी चालकांचे जुने भांडण होते, आणि तो स्वतः गवंडीकाम केलेला होता. त्याच उन्हाळ्यात डायमंड स्कल्स जिंकलेल्या इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला केलीने बेल्जियममधील ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत एका सेकंदाने मागे टाकले. सत्तावीस वर्षांनी, १९४७ साली, केलीच्या मुलाने हेन्लीत डायमंड स्कल्स जिंकून दाखवले. १९३६ साली ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांच्या चमूलाही हेन्लीने असेच नाकारले. त्यावर एवढी टीका झाली की अखेर १९३७ साली श्रमिकांना वगळणारे ते कलम रद्द झाले.

इंग्लंडचा नियम गेला, पण त्यामागची दृष्टी बोटींबरोबर आपल्याकडेही आली होती. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा. हे मूळचे साहेबांचे क्लब. आपल्या नद्यांवर आणि तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या वल्हवणारे कोळी, केवट, मांझी होते, पण खेळ म्हणून वल्हवणे काठावरच्या क्लबात, आणि पोटासाठी वल्हवणे पलीकडच्या घाटावर, अशी वाटणी झाली. रोइंग फेडरेशन ऑफ इंडिया १९७६ साली स्थापन झाले, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाला. तो तलाव पुढे कोरडा पडला. पाटबंधाऱ्याच्या माणसाला ही गोष्ट विशेष लागते.

कोरड्या तलावावरून आपल्याच भाषेच्या एका मुलखाकडे वळतो. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुका हा पाण्यासाठी वाट पाहणारा प्रदेश. तिथल्या तळेगाव रोही या गावी १९९१ साली दत्तू भोकनळ यांचा जन्म झाला. वडील विहिरी खणण्याच्या मजुरीवर जात आणि शाळकरी वयातच दत्तूही त्यांच्यासोबत कामाला जाऊ लागले. वडील गेल्यावर घराचा भार अंगावर आला. २०१२ साली ते सैन्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, दाखल झाले. उंची आणि अंगकाठी पाहून तिथे त्यांना वल्हवण्यासाठी निवडले गेले आणि पुण्यात सैन्याच्या केंद्रावर त्यांचे शिक्षण झाले. ज्या मुलाने पाणी खोल खणून शोधावयाची वस्तू म्हणून पाहिले होते, तो आता पाण्याच्या पृष्ठावर बसला.

अवघ्या चार वर्षांनी, २०१६ साली, दक्षिण कोरियातील पात्रता स्पर्धेत दुसरे येऊन त्यांनी रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. त्या दिवसांत त्यांच्या आई अत्यवस्थ होत्या. रिओत एकेरी स्कल्समध्ये त्यांना उपांत्य फेरी गाठता आली नाही, पण ‘क’ गटाची अंतिम शर्यत जिंकून ते एकूण तेरावे आले. लंडन ऑलिंपिकमध्ये पंजाबचे स्वर्ण सिंग याच प्रकारात सोळावे आले होते. चौकटीतल्या अनुक्रमात तेरावा क्रमांक लहान दिसतो. पण १८७९ चा नियम हातात घेऊन पाहा. विहिरी खणणारा हा मजूर हेन्लीच्या फाटकातूनच परत पाठवला गेला असता.

२०१८ साली पालेमबांग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत दत्तू भोकनळ यांना एकेरीत पदक मिळाले नाही. ती शर्यत त्यांच्यासाठी शरीर मोडणारी ठरली. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये ते पुन्हा नौकेत बसले. सोबत ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि स्वर्ण सिंग. भारताला सुवर्णपदक मिळाले. देशाच्या एकेरी नौकेत एकच जागा असते. त्या जागेवर २०१२ साली बसलेला आणि २०१६ साली बसलेला, असे दोघे एकाच नौकेत एका लयीत वल्हवत होते. मला त्या वेळी रेनफोर्थला सावरणारा हॅरी केली आठवला. प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रू नव्हे. आपली मेहनत किती खोल गेली आहे हे ज्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही, तो प्रतिस्पर्धी. २०२० साली दत्तू भोकनळ यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

इथे एक भेद लक्षात घ्यावा. हे चौघेही सैन्याचे पगारी जवान होते. जुन्या व्याख्येने त्यांना ‘हौशी’ म्हणणे कठीण गेले असते. पण हॅनलनच्या काळाप्रमाणे त्यांचे पोट पैजेवर अवलंबून नव्हते. हरले तरी पगार थांबत नव्हता, आणि वल्हे ठेवल्यावरही नोकरी राहत होती. जुन्या विजेत्यांना हा आधार नव्हता. १८४६ साली इंग्लंडचा विजेता झालेला रॉबर्ट कूम्ब्स १८६० साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. तेव्हा खरा प्रश्न खेळाडूने पैसा घ्यावा की न घ्यावा हा नाहीच. खेळणाऱ्याचे हात थकल्यावर त्याच्या घरात चूल पेटेल की नाही, हा आहे. ज्या समाजाने याचे उत्तर दिले नाही, त्याला हौशीपणाची थोरवी गाण्याचा अधिकार नाही.

आपण रामायणातल्या केवटाचे कौतुक करतो. प्रभूला पार नेल्यावर त्याने उतराई घेतली नाही म्हणून आपला कंठ दाटतो, आणि त्या भक्तीपुढे मीही नतमस्तक आहे. पण मनात येते, दुसऱ्या दिवशी ज्या उतारूंकडून त्याने आपली मजुरी घेतली असेल, त्या दिवसाचा केवट काय कमी मोठा होता? मजुरी नाकारणाऱ्या श्रमिकाला आपण पूजतो आणि मजुरी मागणाऱ्याला पायरीखाली उभे करतो. हेन्लीच्या नियमाचे मूळ इंग्लंडात नसून आपल्या प्रत्येकाच्या मनात आहे, ते याच ठिकाणी.

आपल्या भोपाळात आता पुष्कळ बदलले आहे. राज्याच्या जलक्रीडा अकादमीत मुलेमुली शिकतात, आणि २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत मोठ्या तलावावर वल्हवण्याच्या शर्यती झाल्या. छोट्या तलावावर सराव केलेल्या ग्वाल्हेरच्या प्राची यादव टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये कनूइंगला उतरल्या. हे पाहून माझ्या पिढीच्या माणसाला समाधान वाटते. तरी या शाळेच्या विद्यार्थ्यांना आणि चालकांना एक विनंती करतो. खेळाच्या कोणत्याही अर्जावर वडिलांच्या धंद्याचा रकाना असेल तर तो काढून टाका. आणि कागदावर नसला तरी मनात असेल, तर तोही खोडा.

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर. माझा तो मित्र दुसऱ्या वर्षी शाळेत आला नाही. घरची होडी त्याच्याकडे आली होती. कप घेतल्यानंतर मी घाटावर त्याला भेटलो होतो. तो हसून म्हणाला, “रहने दे यार, घर पर रखने की जगह भी नहीं है।” मी ते वाक्य सोयीचे मानले आणि कप घरी नेला. साठ वर्षे तो माझ्या बैठकीच्या फडताळात होता. माझ्या मुलांनी, नातवंडांनी विचारले तेव्हा ‘शर्यतीत मिळाला’ एवढेच सांगत आलो. कोणी कधी पुढे विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. सर हयात असेपर्यंत मी त्यांना अनेकदा भेटलो. त्यांनी तो प्रश्न पुन्हा एकदाही विचारला नाही. विसरले असतील असे नाही.

तो कप आज मी सोबत आणला आहे आणि मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करत आहे. शाळेच्या वार्षिक वृत्तान्ताच्या जुन्या वहीत त्या वर्षीच्या नोंदीत पहिला म्हणून माझे नाव आहे. माझ्या मित्राचे पूर्ण नाव मी एका कागदावर लिहून दिले आहे. ती नोंद खोडू नये, कारण जे झाले ते झाले. परंतु तिच्याखाली एक ओळ लिहावी की पहिला तो आला होता, आणि ही ओळ दुसऱ्या आलेल्या मुलाच्या सांगण्यावरून लिहिली आहे.

सर, उत्तराला उशीर झाला. क्षमा असावी.